माया संस्कृतीतल्या साध्या माणसाबद्दल अवशेषांमधून काही कळतं का?

तुमचा प्रश्न असा आहे की राजे आणि देवळं सोडली तर माया अवशेषांमधून साध्या माणसाबद्दल काही कळतं का. कळतं, आणि भरपूर कळतं. फक्त त्यासाठी मध्य अमेरिकेतल्या एल साल्वादोर देशातलं होया दे सेरेन हे जुनं माया खेडं बघायला हवं.

मोठ्या शहरांतले कोरीव दगड राजांनीच घडवून घेतलेले. होंडुरासमधल्या कोपान या माया शहरातल्या 776 सालच्या वेदीवर चारही बाजूंना मिळून 16 राजे बसलेत, आणि पहिला राजा सोळाव्याच्या हाती राजदंड देतोय. वंशावळीसाठी ही वेदी अनमोल आहे, पण शेतकरी तिच्यात कुठेच नाही.

सेरेन मात्र शेतकऱ्यांचंच गाव. सुमारे 1400 वर्षांपूर्वी जवळच्या लोमा काल्देरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि गाव कित्येक मीटर राखेखाली गाडलं गेलं. 1976 मध्ये धान्याच्या कोठारांसाठी जमीन सपाट करताना बुलडोझर एका घरावर आदळला, तेव्हा ते उजेडात आलं. पुढे पुरातत्त्वज्ञ पेसन शीट्स यांनी तिथं उत्खनन केलं.

गवताची छपरं, कुडाच्या भिंती, भांड्यांत भरून ठेवलेल्या घेवड्याच्या बिया, सगळं जागच्या जागी सापडलं. ज्वालामुखीच्या काचेची धारदार पाती छपराच्या गवतात खोचलेली होती, बहुधा पोरांच्या हाताला लागू नयेत म्हणून. जेवणाची भांडी खरकटी पडलेली, काहींवर बोटांनी पुसून खाल्ल्याच्या खुणाही आहेत. झोपायच्या चटया मात्र अजून अंथरल्या नव्हत्या. त्यावरून उद्रेक संध्याकाळी, जेवणानंतर झाला असावा. खोदलेल्या भागात माणसांचे सांगाडे मिळालेले नाहीत, म्हणजे लोकांना पळायला वेळ मिळाला असणार.

मला सगळ्यात भारी वाटतात ती शेतं. झाडं कुजून गेली, पण राखेत त्यांच्या आकाराच्या पोकळ्या उरल्या. त्यांत प्लास्टर ओतलं की अख्खं रोप हाती येतं. मक्याची ताटं मधेच वाकवलेली दिसतात, कणसं जागेवरच वाळावीत म्हणून. ज्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो त्या कसाव्याचेही वाफे सापडले. शेजारीशेजारीच असलेल्या या वाफ्यांचे वरंबे एकसारखे नाहीत: कुणाचे रुंद, कुणाचे अरुंद. त्यावरून शीट्स यांचं म्हणणं असं की शेतीबाबतचे निर्णय वरून कुणी लादत नव्हतं, ज्याचा तो शेतकरी घेत होता. राजांच्या शिलालेखांतून हे कधीच कळलं नसतं.