घरच्या शेडमधली चेसिस आणि पुढचं सस्पेन्शन : वाचकांचे प्रश्न

या वेळी आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच कामाभोवती फिरतात : जुन्या पिकअपला चौकोनी पाइपची नवी चेसिस आणि पुढे कमानपाट्यांऐवजी दोन आर्मचं स्वतंत्र सस्पेन्शन. त्यातले निवडक प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : १०० × ५० च्या चौकोनी पाइपची चेसिस करतोय. ओळखीचा फॅब्रिकेटर म्हणतो, ४ मिमी जाडी पुरणार नाही, ६ मिमी घ्या. गाडी भरून १८०० किलोच्या आत राहील. काय करू? (वाडी)

मजबुती हवी हे फॅब्रिकेटरचं म्हणणं बरोबर आहे, पण ती जाडीतून मागणं महागात पडतं. १०० × ५० × ४ चा पाइप मीटरला सुमारे ८.६ किलो भरतो. तोच ६ मिमीचा घेतला तर वजन साधारण ४५ टक्के वाढतं आणि उभ्या भारापुढचा ताठपणा जेमतेम ४० टक्के. त्याऐवजी १२० × ६० × ४ घेतला तर वजन २२ टक्केच वाढतं, ताठपणा मात्र ७५ टक्क्यांच्या वर जातो. पाइपची उंची वाढवा, जाडी ४ मिमीच राहू द्या. इंजिनाची संप (खालची तेलाची टाकी) किंवा स्टेअरिंग आडवं येत असेल तिथे १०० × ५० वर थांबलात तरी या वजनाच्या गाडीला चालतं, फक्त आडवे मेंबर पाच हवेत : पुढच्या सस्पेन्शनखाली, गिअरबॉक्सखाली, केबिनच्या मागे, आणि मागच्या कमानींच्या दोन्ही हँगरपाशी.

नागपूरच्या इतवारीतल्या लोहाओळीत माल घ्यायला जाताना व्हर्निअर खिशात ठेवा. 'चार एमएम' म्हणून ३.६ चा पाइप सहज गळ्यात पडतो. जाडी कापलेल्या टोकाची कड घासून मगच मोजा, नाहीतर कडेला उरलेली धार मोजली जाते. वजनानंही चोरी कळते : १०० × ५० × ४ चा सहा मीटरचा नग ५१ किलोच्या आसपास भरतो, ३.६ चा ४७ च्या आसपास. पाइपवर आयएस ४९२३ चा (पोकळ पोलादी पाइपच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघून घ्या. जीआय म्हणजे जस्त चढवलेला पाइप स्वस्तात मिळाला तरी घरी आणू नका. जस्ताचा धूर छातीत जातो, रात्री ताप भरतो आणि वेल्डमध्ये भोकं राहतात ती वेगळीच.

बोल्ट आरपार न्यायचा असेल तर भोक पाइपच्या उभ्या बाजूच्या मध्यावर पाडा. वरच्या-खालच्या पट्टीवर ताण सगळ्यात जास्त असतो, तिथे ड्रिल लावू नका. भोकात जाड नळीचा तुकडा घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड करा. तो नसला तर बोल्ट आवळताना पाइप चेपतो, आणि चेपलेल्या पाइपवर बोल्ट कधीच घट्ट राहत नाही.

प्रश्न : जुन्या चेसिसवरचा नंबर कोरलेला तुकडा कापून नव्या चेसिसला जोडला, तर एमएच ३१ ची जुनी नोंदणी चालेल ना? (कामठी रोड)

नाही, आणि हे करूच नका. चेसिस नंबरशी छेडछाड हा गाडी मॉडिफाय करण्यापेक्षा कितीतरी गंभीर मामला आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे ही गाडी शेतात, स्वतःच्या आवारात किंवा बंदिस्त ट्रॅकवर चालवायची. शेडमधून तिथपर्यंत ट्रेलरवर न्यायची. पुढची सगळी उत्तरं हेच गृहीत धरून आहेत.

प्रश्न : सगळं गुण्यात (काटकोनात) धरून टाके (वेल्डचे छोटे तात्पुरते तुकडे) मारले होते. वेल्डिंग झाल्यावर एक कर्ण दुसऱ्यापेक्षा ९ मिमी जास्त भरतोय आणि पुढची टोकं वर आली आहेत. आता काय? (हिंगणा)

टोकं वर आली म्हणजे वरच्या बाजूचे वेल्ड आधी पूर्ण झाले. वेल्ड थंड होताना आकसतो आणि धातूला आपल्याकडे ओढतो. वरचे सगळे शिवण एका दमात मारले की वरची बाजू आखूड होते. कर्ण बिघडतो तो एका बाजूचे वेल्ड आधी शेवटपर्यंत पूर्ण केल्यामुळे.

आधी खात्री करा की माप खरं आहे. नागपूरच्या मे महिन्यात दुपारी उघड्यावर चेसिस मोजली तर ती खोटं सांगते. पाइपची वरची बाजू खालच्यापेक्षा १५ अंशांनी गरम असली तर ३.८ मीटर लांबीत मध्यभाग ३ मिमीच्या आसपास वर उचलला जातो. पहाटे, ऊन यायच्या आधी, दोरी, ओळंबा आणि पाण्याच्या लेव्हल पाइपनं पुन्हा मोजा.

कर्णातला फरक ३ मिमीच्या आत आला तर सोडून द्या. ९ खरोखरच असतील तर जॅक लावून ढकलायच्या भानगडीत पडू नका, जॅक काढला की चेसिस परत जागेवर जाते. मधल्या दोन आडव्या मेंबरचे जोड एका बाजूनं ग्राइंडरनं कापा, चौकट मोकळी होऊ द्या, कर्ण जुळवून पुन्हा टाके मारा. कापायला अर्धा दिवस जाईल, पण तिरक्या चेसिसवर सस्पेन्शन बसवलं की प्रत्येक मापात तो तिरकेपणा वेगळ्या रूपानं निघतो.

दुसऱ्यांदा करताना दोन जड आय-बीम जमिनीवर लेव्हलमध्ये ठेवून त्यावर लोखंड क्लॅम्प करा. आधी सगळे जोड फक्त २० ते २५ मिमीच्या टाक्यांवर उभे करा. मग एका जोडाला ५० मिमी मारलं की थेट समोरच्या कोपऱ्यातल्या जोडावर जा, नंतर खालची बाजू, मग पुन्हा वर. हाताला चटका बसेल इतकं गरम असताना त्याच जागी परतू नका.

प्रश्न : कूलरसमोर काम करताना मिग (तार आणि गॅसच्या) वेल्डवर बारीक भोकं पडतात. सिलिंडर बदलला, तरी तेच. आणि रॉडनं मारलं तर चालेल का? (काटोल)

सिलिंडर बिचारा निर्दोष आहे. कूलरची झुळूक गॅसचं कवच उडवून नेते आणि ओली हवा आत येते. कूलर पाठीकडून न लावता बाजूनं, पाठ-मानेवर वारा लागेल पण टॉर्चपर्यंत पोचणार नाही असा लावा, किंवा जोडाभोवती पत्र्याचा आडोसा उभा करा. गॅस मिनिटाला १२ ते १५ लिटर, ८० टक्के आर्गॉन आणि २० टक्के कार्बन डायऑक्साइड. ४ मिमी पाइपला १ मिमीची ईआर-७०एस-६ तार, १३० ते १६० अँपिअर. पाइपवरची काळी पापुद्री जोडापासून २० मिमीपर्यंत घासून पांढरं लोखंड काढा, त्यावरून तार सरकवणं म्हणजे वेल्ड नव्हे.

रॉड चालतो, पण गेट-ग्रिलला वापरतात तो ६०१३ नाही. ब्रॅकेट आणि जोडांना ७०१८ घ्या, ३.१५ मिमी, डीसी मशीनवर रॉड धन टोकाला, १०० ते १३० अँपिअर. हा रॉड दमट हवेत भिजतो, आणि भिजलेल्या रॉडमधला हायड्रोजन वेल्डच्या कडेला भेगा पाडतो, कधी कधी दुसऱ्या दिवशी. पॅकेट फोडून पावसाळाभर शेल्फवर ठेवलेला रॉड ३०० ते ३५० अंशांवर तास-दोन तास भाजल्याशिवाय वापरू नका. ती सोय नसेल तर लहान पॅकेट घ्या आणि फोडल्याच दिवशी संपवा.

ब्रॅकेटवर हात बसलाय की नाही हे कळायचा सोपा उपाय आहे. त्याच पाइपवर त्याच पट्टीचा ५० मिमीचा तुकडा एकाच बाजूनं वेल्ड करा, व्हाइसमध्ये धरा आणि घणानं मोडा. मुळाशी वितळल्याची खूण नसेल, तुकडा कागदाच्या चिकटपट्टीसारखा सुटला, तर गाडीवर हात लावायची वेळ आलेली नाही.

प्रश्न : पुढे दोन आर्मचं सस्पेन्शन स्वतः करतोय. आर्म, ब्रॅकेट, शॉकअप झाले. खड्ड्यात गेलं की स्टेअरिंग आपोआप झटका मारतं. तसंच, स्प्रिंग कितीची घ्यावी याचा हिशेब कसा? (बुटीबोरी)

झटका टाय रॉडचा (स्टेअरिंगपासून चाकापर्यंत जाणाऱ्या दांड्याचा) आहे. चाक वर-खाली होताना बॉल जॉइंट आर्मच्या कमानीत फिरतो आणि टाय रॉडचं टोक स्वतःच्या कमानीत. दोन्ही कमानी जुळल्या नाहीत तर चाक आत-बाहेर वळतं.

घरच्या घरी मोजता येतं. स्प्रिंग काढा, गाडी घोड्यांवर (स्टँडवर) ठेवा, स्टेअरिंग सरळ बांधून टाका. हबवर सरळ पट्टी लावा. जॅकनं चाक मूळ उंचीपासून २५-२५ मिमी वर, मग तेवढंच खाली न्या, आणि दर टप्प्यावर पट्टीच्या पुढच्या-मागच्या टोकाचं अंतर लिहून काढा. वर जाताना एका दिशेला आणि खाली येताना उलट दिशेला फरक पडत असेल तर टाय रॉडची उंची चुकली आहे. रॅक किंवा स्टेअरिंग बॉक्स शिम (पातळ चकत्या) घालून वर-खाली करा. वर आणि खाली दोन्हीकडे एकाच दिशेला फरक पडत असेल तर लांबी चुकली : टाय रॉडचा आतला जॉइंट आत किंवा बाहेर सरकवा. २५ मिमीला १ मिमीच्या आत फरक आला की पुरे. ब्रॅकेट पक्के वेल्ड करायच्या आधी, टाक्यांवर असतानाच ही तपासणी व्हायला हवी होती. तुमचे आता कापावे लागतील.

मांडणीची सुरुवात चेसिसपासून होत नाही, टायरपासून होते. आधी टायर, हब आणि नकल (हब धरणारा, स्टेअरिंगनं वळणारा भाग) भाराखालच्या उंचीवर, डाव्या-उजव्यात १ मिमीचाही फरक न ठेवता उभे करा. खालचा आर्म जवळजवळ आडवा, वरचा त्याच्या ६५ ते ७५ टक्के लांबीचा, टाय रॉडचा आतला जॉइंट वरच्या-खालच्या आर्मच्या आतल्या बुशांना (बिजागरीच्या रबरी नळ्यांना) जोडणाऱ्या रेषेजवळ. एका आर्मचे दोन ब्रॅकेट वेल्ड करताना दोन्हीतून एकच सरळ, जाड रॉड आरपार ठेवा, म्हणजे भोकं एका रेषेत राहतात. बुशची नळी वेल्डच्या उष्णतेनं आकसते, म्हणून आधी वेल्ड, मग लेथवर बोअर, आणि रबर सगळ्यात शेवटी. ब्रॅकेट ६ मिमी पट्टीचे आणि दोन कानांचे, बोल्ट १०.९ ग्रेडचा, आटे कानाच्या आत येणार नाहीत इतक्या लांबीचा.

नकल, स्टब ॲक्सल, स्टेअरिंग आर्म हे फोर्ज केलेले भाग. यांना गॅस लावून वाकवणं, वेल्ड करणं, टेपर भोक ड्रिलनं मोठं करणं, यातलं काहीही नको. जुन्या गाडीचे तसेच घ्या. असे छेडलेले भाग आधी वाकून इशारा देतीलच असं नाही, सरळ तुटू शकतात.

स्प्रिंगचा हिशेब : पुढच्या एका चाकावर ३५० किलो येत असतील आणि त्यातलं चाक-हबचं वजन ४० असेल, तर स्प्रिंगवर ३१० किलो. आरामाची चाल सेकंदाला १.३ हेलकाव्यांची धरली तर चाकापाशी मिमीला साधारण २०.७ न्यूटनची स्प्रिंग हवी. पण स्प्रिंग चाकावर नसते, आर्मच्या मध्ये असते. चाक १० मिमी उचललं आणि स्प्रिंग ६ मिमी दबली, तर गुणोत्तर ०.६ आणि त्याचा वर्ग ०.३६. म्हणजे स्प्रिंग २०.७ भागिले ०.३६, मिमीला सुमारे ५७ न्यूटन. इथे वर्ग विसरणं ही नेहमीची चूक, आणि मग गाडी उभ्या उभ्या बंप स्टॉपवर (चाकाची वरची चाल अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर) बसते. शॉकअप तिरका असेल तर गुणोत्तर कागदावर मांडत बसण्यापेक्षा प्रत्यक्ष मोजा. आणि बंप स्टॉप शॉकअप तळाला लागायच्या आधी टेकला पाहिजे.

प्रश्न : परदेशातले लोक जुन्या पिकअपला 'मस्टँग टू' चं सस्पेन्शन लावतात. आपल्याकडे चालेल? (धरमपेठ)

ते फोर्डच्या १९७४ ते १९७८ च्या छोट्या कारचं पुढचं सस्पेन्शन. दोन आर्म, रॅक स्टेअरिंग ॲक्सलच्या पुढे, आणि सगळं एका आडव्या मेंबरवर, म्हणून ते आवडतं. आपली अडचण रॅकची. मूळ रॅक डाव्या बाजूच्या स्टेअरिंगचा, उजव्या हाताचा वेगळा शोधावा लागतो. रॅक ॲक्सलच्या मागे बसवून नकल डावे-उजवे अदलाबदल करायचा 'जुगाड' करू नका. त्यानं चाकं वळताना टायर घासत जातात.

प्रश्न : नवे रबर बुश दोन महिन्यांत फाटले. कंपनी बदलू का? (कळमेश्वर)

आधी बोल्ट कसे आवळले ते आठवा. गाडी घोड्यांवर, चाकं लोंबकळत असताना आवळले असतील तर रबर त्याच स्थितीत चिकटून बसतं आणि गाडी खाली उतरवली की कायमचं पीळ घेऊन राहतं. नवे बुश घातल्यावर बोल्ट हातानं लावा, गाडी चाकांवर उतरवा, दोन-तीनदा दाबून उसळू द्या आणि मग खाली शिरून आवळा. ८.८ ग्रेडच्या एम-१२ बोल्टला ८० न्यूटन-मीटरच्या आसपास. त्यानंतरच ॲलाइनमेंट : टो-इन (चाकांची पुढची टोकं आत) १ ते ३ मिमी, कॅम्बर (समोरून बघता चाकाचा कल) शून्य ते उणे अर्धा अंश, कास्टर (बाजूनं बघता वळण्याच्या आसाचा कल) ३ ते ५ अंश. कास्टर घरी काढायचा तर चाक २० अंश बाहेर आणि २० अंश आत वळवून दोन्ही वेळचा कॅम्बर मोजा आणि फरकाला दीडनं गुणा. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त तफावत असेल तर गाडी एका बाजूला ओढणार. तेव्हा बुशला दोष देऊ नका, ब्रॅकेट मोजा.