चूल विझल्यावरही घरात धुराचा वास का राहतो?
पावसाळ्यात चूल पेटलेली नसतानाही वास येतो, असे आपण लिहिले आहे. याचे मूळ बहुधा धुराड्यातच असते. ओलसर लाकडांमुळे आत साचलेली काजळी आणि डांबरासारखा थर दमट हवेत वास सोडतो, आणि थंड धुराड्यातून बाहेरची हवा उलटी खाली उतरली, की तो वास थेट स्वयंपाकघरात पसरतो. म्हणून प्रथम धुराडे पूर्ण थंड झाल्यावर ते आतून खरवडून घ्यावे आणि त्याचे तोंड छपराच्या आढ्याहून उंच आहे ना, हे पाहावे. एक्झॉस्ट पंखा घरातली हवा बाहेर टाकतो, त्यामुळेही धुराड्यातून ही हवा आत ओढली जाते. तो बंद करून खिडकी उघडल्यावर वास कमी होतो का, हे तपासावे. चूल पेटलेली असताना डोके दुखू लागले किंवा गरगरले, तर मात्र सर्वांनी ताबडतोब बाहेर यावे, कारण जळणातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.