पोस्टग्रेसच्या अपग्रेडनंतर डेटा आला, पण युजरच्या परवानग्या आल्या नाहीत

आपण पीजी_डंप (पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीतून डेटाबेसची प्रत काढणारे साधन) वापरून आवृत्ती १३ मधला डेटाबेस १६ मध्ये आणला, युजर नंतर हाताने तयार केले, आणि आता ॲप्लिकेशनला प्रत्येक टेबलवर ‘परमिशन डिनाइड’ मिळते, असे आपण लिहिले आहे. यात डंप सदोष नाही. पोस्टग्रेसमध्ये रोल (युजर किंवा युजरचे गट) हे एका डेटाबेसचे नसून संपूर्ण क्लस्टरचे (एका सर्व्हरखालच्या सर्व डेटाबेसांचे मिळून) असतात, त्यामुळे पीजी_डंप टेबलांवरचे ग्रँट (परवानगी देणाऱ्या आज्ञा) लिहून ठेवतो, पण ज्यांना ते ग्रँट द्यायचे ते रोल मात्र त्यात येत नाहीत. रिस्टोअरच्या वेळी रोल अस्तित्वात नसल्याने ती प्रत्येक ओळ चुकली, डंप परत भरणारा पीजी_रिस्टोअर नेहमीच्या सवयीने पुढे जात राहिला आणि टेबलांची मालकी रिस्टोअर करणाऱ्याकडेच राहिली. रोल नंतर तयार केल्याने हुकलेले ग्रँट परत येत नाहीत.

नव्या सर्व्हरवर अजून खरा डेटा जमा झाला नसेल, तर डागडुजी करत बसण्यापेक्षा तो डेटाबेस पुसून पुन्हा सुरुवात करावी, असे माझे मत आहे. आधी जुन्या सर्व्हरवर पीजी_डंपऑल (संपूर्ण क्लस्टरची प्रत काढणारे साधन) हा ‘ग्लोबल्स-ओन्ली’ पर्यायासह चालवून रोल, त्यांची सदस्यत्वे आणि पासवर्डचे हॅश (साठवलेली सांकेतिक रूपे) काढून घ्यावेत, ते नव्या सर्व्हरवर भरावेत आणि मगच डेटाबेस रिस्टोअर करावा. आधीपासून असलेल्या रोलबद्दल येणाऱ्या त्रुटी सोडून द्याव्यात, बाकी प्रत्येक त्रुटी वाचावी.

पासवर्डची अडचण वेगळी आहे. आवृत्ती १४ पासून नवे पासवर्ड, वेगळी सेटिंग नसल्यास, स्क्रॅम या अधिक सुरक्षित पद्धतीने साठवले जातात. जुने हॅश एमडी५ या जुन्या पद्धतीचे असतील आणि नव्या पीजी_एचबीए फाइलमध्ये (कोणी कशा पद्धतीने लॉगिन करायचे हे ठरवणारी फाइल) स्क्रॅम सक्तीचे असेल, तर परवानग्या बिनचूक असूनही लॉगिन होणार नाही. ही फाइल कोणत्याही डंपमध्ये येत नाही. तसेच ‘क्रिएटरोल’ (नवे रोल तयार करण्याचा अधिकार) असलेला युजर १६ मध्ये पूर्वीसारखा कोणत्याही सामान्य रोलमध्ये फेरफार करू शकत नाही, त्यासाठी त्या रोलवर ॲडमिन ऑप्शन (तो रोल इतरांना देण्याचा अधिकार) लागतो.

तपासणी सुपरयुजरने (परवानग्यांचे बंधन नसलेल्या युजरने) करू नये, कारण त्याला परवानगीची त्रुटी दिसतच नाही. मी एकदा तशीच तपासणी करून निर्धास्त झोपलो होतो, आणि सकाळी अहवाल काढणारा एकही युजर आत जाऊ शकला नाही. तेव्हापासून मी प्रत्येक रोलने स्वतंत्र लॉगिन करून एक वाचन आणि, अधिकार असल्यास, एक लेखन करून पाहतो.