हिंट कुणाला हवी होती?

परीक्षा संपून सुट्टी लागली की माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांची एक तक्रार ठरलेली असते. "मॅडम, मोबाइल काढून घेतला तर आता कॉम्प्युटरवर खेळतो. डाउनलोड नाही, पैसे नाहीत, नुसतं ब्राउझर उघडलं की सुरू. याला व्यसन तर लागलं नाही ना?" कुठला खेळ, असं विचारलं की हल्ली बरेचदा उत्तर येतं, एस्केप गेम.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. पडद्यावर एक बंद खोली दिसते. पलंग, कपाट, भिंतीवर एखादं कॅलेंडर. संशय येईल तिथे क्लिक करायचं. उशीखाली किल्ली मिळते, किल्लीने ड्रॉवर उघडतो, ड्रॉवरमधल्या स्क्रूड्रायव्हरने आणखी काही, असं करत करत दार उघडून बाहेर पडायचं. तोशिमित्सु ताकागी या जपानी गेमकाराची 'क्रिमझन रूम' २००४ साली इंटरनेटवर फुकट आली आणि हे वेड जगभर पसरलं. आता तर पुण्या-मुंबईत माणसं पैसे भरून खऱ्या खोलीत स्वतःला कोंडून घेतात! थोडक्यात, गोळीबार नाही, पैज नाही, अनोळखी माणसांशी गप्पा नाहीत. तरीही आईबाप धास्तावतात, कारण मूल तासभर एकाच चित्राकडे बघत बसलेलं दिसतं.

ओजस (नाव अर्थातच बदललेलं) नववीतला. त्याचे आईवडील माझ्याकडे आले ते एका भांडणानंतर. कॉम्प्युटर हळू चालतोय म्हणून वडिलांनी ब्राउझर 'साफ' केला. यातले बरेच खेळ आपण कुठवर आलो ही नोंद ब्राउझरमध्येच ठेवतात, कुकीज आणि साइट डेटा पुसला की तीही जाते. बरेच दिवस चिकाटीने पुढे नेलेला खेळ पुसला गेला. ओजसने कीबोर्ड आपटला आणि रात्री जेवला नाही. घरात निदान पक्कं झालं.

माझ्या मते कुणाची अर्धी काढलेली रांगोळी पुसली तर तोही चिडेलच. पण पालकांच्या काळजीला हसण्यावारी नेऊ नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत २०२२ पासून गेमिंग डिसऑर्डर आहे. त्यात तीन गोष्टी बघतात. खेळावरचा ताबा सुटलाय का, बाकी सगळं मागे पडून खेळच पहिला झालाय का, आणि नुकसान दिसत असूनही खेळणं चालूच आहे का. हे सहसा १२ महिने तरी टिकलेलं असावं लागतं. ओजसची झोप नीट होती, शाळा बुडत नव्हती, संध्याकाळचं क्रिकेट सुटलं नव्हतं. खेळ रोज तास-सव्वा तास. हे व्यसन नाही, असं सांगून मी त्यांना घरी पाठवू शकले असते.

पण मला दुसरंच काहीतरी खटकत होतं.

"ओजस, कुठला विषय आवडतो तुला?"

"सायन्स," आई म्हणाली. "गणिताला मात्र बसतच नाही. एक उदाहरण अडलं की वही बंद."

"मग तुम्ही काय करता?"

"पुढची पायरी सांगते. नाहीतर रात्रीचे अकरा वाजतात हो."

"आणि गेममध्ये अडलास तर?" मी पुन्हा ओजसकडे वळले. त्याने पहिल्यांदाच मान वर केली. "परत सगळी खोली बघतो. कधी कधी दुसऱ्या दिवशी सुचतं."

हाच मुलगा, हेच डोकं. गणितात दोन मिनिटं दम निघत नाही आणि इथे उद्यापर्यंत थांबायची तयारी! अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझं काम उभं आहे. त्यामुळे कुठे काय घडलं यापेक्षा त्या क्षणी माणूस मनात स्वतःला काय बजावतो, तिकडे माझा कान जातो. पुढच्या वेळी मी माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर एक छोटीशी खोली उघडली आणि माउस आईच्या हातात दिला. ओजस शेजारच्या खुर्चीत.

कपाटाला चार आकड्यांचं कुलूप होतं. आईंनी १२३४ टाकून पाहिलं. मग १११११ टाकायला गेल्या, तर पाचवा आकडा बसेना. सतरंजी, दिवा, खिडकी, सगळीकडे भराभर क्लिक. "याचं उत्तर यूट्यूबवर असेल ना?" मी काही बोलले नाही. मग त्यांना कोपऱ्यातलं बल्बचं चित्र दिसलं. "ही हिंट आहे का? घेऊ?" तेवढ्यात त्या लेकाकडे वळल्या. "अरे, तुला माहीत असेल, सांग की!"

"माहितीये. पण सांगणार नाही. तू बघ."

"उगाच वेळ कशाला घालवायचा?"

"आई, मला गणितात एवढाही वेळ मिळत नाही."

आवाज चढलेला नव्हता, उलट उत्तर नव्हतं. आईंचा हात माउसवर तसाच राहिला. असे क्षण समुपदेशनात मागून मिळत नाहीत, आणि आले की आपण मध्ये बोलायचं नसतं. मी बोलले नाही, याचं मला आजही बरं वाटतं. मग त्या खरोखर बघू लागल्या. भिंतीवरच्या चित्रात चार पतंग होते, डावीकडून निळा, पिवळा, लाल, हिरवा. त्यांची नजर शेल्फवर गेली. पुस्तकंही त्याच चार रंगांची. निळी पाच, पिवळं एक, लाल तीन, हिरवी दोन. ५१३२. "उघडलं!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की बाहेर बसलेल्या एका बाईंनी दार ढकलून आत पाहिलं.

"मघाशी अडकला होतात तेव्हा मनात काय चाललं होतं?" मी विचारलं.

"की हे सुटायलाच पाहिजे. मला एवढंसुद्धा येत नाही म्हणजे काय!" थोडं थांबून म्हणाल्या, "आणि तो बघतोय."

सगळं या 'पाहिजेच'मध्ये होतं. अडकणं त्रासाचं असतं, पण ते सहनच होणार नाही, असं आपण स्वतःला पटवलं की कुणीतरी वही बंद करतं आणि कुणीतरी पायरी सांगून मोकळं होतं. ओजस उदाहरणापासून पळत नव्हता. आईच्या चेहऱ्यावरची घाई त्याला झेपत नव्हती. तक्रार कुणाचीही असो, घाई कुणाची आहे ते आधी शोधायचं, हे इतक्या वर्षांत मला बऱ्यापैकी जमू लागलंय.

एस्केप गेम खेळून गणित येतं, असा माझा दावा नाही. खेळात उत्तर चार भिंतींच्या आतच असणार ही खात्री असते, म्हणून धीर धरणं सोपं जातं. हे मी म्हटलं तर ओजस म्हणाला, "भूमितीत 'पक्ष' लिहितो ना आपण, त्या म्हणजे सापडलेल्या वस्तू. आणि 'साध्य' म्हणजे दार." हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आम्ही ठरवलं ते एवढंच. गणित अडलं तर आईंनी पायरी सांगायची नाही, "आत्तापर्यंत काय काय सापडलं?" एवढंच विचारायचं. जवळ बसायला हरकत नाही, पण हातात कपड्यांच्या घड्या असू देत. खेळ थांबवायचा तो घड्याळ बघून मध्येच नाही, एक खोली सुटली की. कोडं अर्धवट तोडलं तर जेवतानाही डोक्यात तेच फिरत राहतं. एखादी खोली सुटेचना, तर किती वाजता उठायचं हे ओजसनेच खेळ सुरू करण्याआधी सांगायचं. ब्राउझर साफ करण्यापूर्वी त्याला विचारायचं. फुकटच्या साइटवर जाहिराती फार, आणि 'डाउनलोड' लिहिलेलं हिरवं बटण खेळाचाच भाग वाटतं, म्हणून कॉम्प्युटर हॉलमध्येच ठेवायचा. ज्या मुलाची झोप, जेवण, शाळा महिनोन्‌महिने ढासळत चालली आहे, त्याला मात्र एवढं पुरणार नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावं.

वडिलांचं समाधान झालं नव्हतं. "मॅडम, परीक्षेत दुसऱ्या दिवसापर्यंत कोण थांबतं?" मुद्दा बिनतोड होता. पण खेळातही कुणी उघडत नसलेल्या ड्रॉवरपाशी बसून राहत नाही, दुसऱ्या भिंतीकडे जातो आणि तिथलं काही हाती लागलं की परत येतो. वही बंद करणं वेगळं आणि प्रश्न बाजूला ठेवणं वेगळं. म्हणून आता दर रविवारी एक जुनी प्रश्नपत्रिका. अडलेल्या प्रश्नाच्या क्रमांकाभोवती पेन्सिलीने गोल करायचा, पुढे जायचं, शेवटच्या पंधरा मिनिटांत फक्त गोलांकडे यायचं. वेळ लावून वडील शेजारी बसतात. गप्प बसणं त्यांना आईपेक्षाही अवघड जातं, असं ओजसचं म्हणणं आहे.