वाचकांचे प्रश्न : खुर्ची उलटी करून पाहणारा नायक

प्रश्न : मी एक रहस्यकादंबरी लिहीत आहे. तिचा नायक पॅरिसमधील जुन्या फर्निचरचा व्यापारी असून, आपल्याच धंद्यात खपवल्या जाणाऱ्या बनावट खुर्च्यांचा तो माग काढतो. आमच्या लेखनगटातील मित्रांनी दोन आक्षेप घेतले आहेत. एक, जो स्वतः विकून पोट भरतो तो व्यापारी असा उपद्व्याप करणार नाही. दुसरा, प्रयोगशाळेत कार्बन-कालमापन केले की सारे रहस्य एका प्रकरणात संपेल. हे आक्षेप योग्य आहेत का? – एक वाचक, सांगली

उत्तर : पहिला आक्षेप प्रत्यक्ष घडलेल्या घटनेनेच खोडून काढला आहे. पॅरिसजवळच्या, आता संग्रहालय असलेल्या व्हर्साय राजवाड्याने विकत घेतलेल्या काही खुर्च्या बनावट असल्याचे प्रकरण 2016 मध्ये चव्हाट्यावर आले. परंतु त्याच्या कितीतरी आधी शार्ल ऊरमान या पॅरिसमधील व्यापाऱ्याने याबाबत धोक्याची सूचना दिली होती. विक्रीस आलेल्या अशाच एका राजेशाही बैठकीच्या लाकडाला त्याने चक्क जीभ लावून पाहिली आणि त्याला ज्येष्ठमधाची चव लागली. नव्या रंगावर जुनाट मळकटपणा आणण्यासाठी ज्येष्ठमधाचा अर्क वापरण्याची एका विशिष्ट कारागिराची सवय त्याला ठाऊक होती. खोकल्यावर आपण चघळतो तेच हे ज्येष्ठमध. असा पुरावा एखाद्या कादंबरीकाराने कल्पनेने रचला असता, तर संपादकाने तो हास्यास्पद म्हणून काढून टाकला असता.

तो कारागीर म्हणजे ब्रुनो देनू. व्हर्सायमधील अस्सल फर्निचरच्या डागडुजीची कामे करणारा हा नामांकित लाकूड-कोरक्या होता, आणि त्याचा साथीदार बिल पालो हा अठराव्या शतकातील फ्रेंच खुर्च्यांचा सर्वांत मोठा जाणकार मानला जात असे. त्याने त्या विषयावर प्रमाण मानला गेलेला ग्रंथ लिहिला होता आणि सोर्बोन विद्यापीठात तो अध्यापनही करत असे. दोघांनी 2007-08 च्या सुमारास हा उद्योग सुरू केला. आपल्याला हे जमते का, हे पाहण्याची गंमत म्हणून त्याची सुरुवात झाली, असे त्यांनी पुढे सांगितले. पालो जुने सांगाडे स्वस्तात मिळवी, देनू त्यांवर कोरीवकाम करी, मग सोन्याचा वर्ख, गादी, शिक्के आणि चिठ्ठ्या चढत. फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या म्हणून समजल्या गेलेल्या अशा दोन खुर्च्या फ्रान्सने राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केल्या होत्या आणि कतारच्या राजघराण्यातील एका राजपुत्राने त्या 20 लाख युरोंना विकत घेतल्या. न्यायालयाने 11 जून 2025 रोजी दोघांनाही दोषी ठरवले. पालोला चार वर्षांची शिक्षा झाली, मात्र तिच्यातील 44 महिने स्थगित राहिले आणि उरलेले चार महिने त्याने अटकेत आधीच भोगले होते.

आपल्या कथानकाच्या दृष्टीने यातील सर्वांत मोलाची गोष्ट अशी, की ऊरमान हा पालोचाच एकेकाळचा विद्यार्थी होता. व्यापारी तपास का करील, याचे उत्तर इथे मिळते. बाजारातील प्रत्येक बनावट वस्तू त्याच्या अस्सल मालाची किंमत आणि त्याच्या शब्दाचे वजन घटवत असते, आणि ज्याने नजर दिली त्याच गुरूवर संशय घेण्याची वेळ आली, तर नायकाचा पेच पोलिसी तपासापेक्षा खोल जातो. म्हणून खलनायकाचे पद एकट्या सुताराला देऊ नये, असे मी सुचवीन. सुताराचा हात कितीही तयार असला, तरी संग्रहालयाचा तज्ज्ञ खुर्चीत नेमके काय शोधणार आहे, हे ज्याला माहीत असते, तोच त्या तज्ज्ञाला फसवू शकतो.

इतक्या वर्षांनी हरवलेली राजेशाही खुर्ची अचानक सापडते, यावर वाचकाचा विश्वास बसावा म्हणून इतिहासही आपल्या मदतीला आहे. फ्रेंच राज्यक्रांतीनंतर व्हर्सायमधील सामानाचा लिलाव 1793 च्या ऑगस्टपासून जवळजवळ वर्षभर चालला आणि त्यात 17,000 हून अधिक लॉट (एकेका बोलीत विकले जाणारे नग वा संच) विकले गेले. एवढे सामान जगभर पांगलेले असल्यामुळे एखाद्या जुन्या हवेलीच्या माळ्यावरून त्यातील खुर्ची निघणे अशक्य नसते, आणि ठग नेमका याच शक्यतेवर जगतो.

आता कार्बन-कालमापनाविषयी, म्हणजे लाकडात उरलेल्या किरणोत्सारी कार्बनवरून त्याचे वय काढण्याविषयी. ज्याने खरोखरच जुने लाकूड वापरले आहे, त्याच्या विरोधात लाकडाचे वय सिद्ध करून काय हाती लागणार? शिवाय साधारण 1650 ते 1950 या काळासाठी ही पद्धत फार मोघम उत्तर देते, कारण त्या काळातील हवेतील किरणोत्सारी कार्बनचे प्रमाण असे खालीवर होत राहिले की एकाच मोजमापातून अनेक संभाव्य कालखंड निघतात. तेव्हा प्रयोगशाळेचा अहवाल येऊ द्यावा आणि त्याने नायकाची पंचाईत करावी. ‘लाकूड जुने आहे’ हे वाक्य खलनायकाच्याच बाजूने उभे राहील.

नायकाने मात्र खुर्ची उलटी करून पाहावी. लाकूड पोखरणारा किडा पृष्ठभागावर बारीक गोल भोक पाडतो आणि त्याचे वेडेवाकडे बोगदे आत दडलेले असतात. जुने लाकूड नव्याने कोरले, की हे बोगदे मधोमध कापले जाऊन पृष्ठभागावर उघड्या चरांसारखे दिसू लागतात. कोरलेल्या फुलाच्या पाकळीवरून असा उघडा चर गेलेला दिसला, तर किडा आधी आला आणि फूल नंतर कोरले गेले, हे कोणत्याही यंत्राविना सिद्ध होते. मला विचाराल, तर कादंबरीतील निर्णायक पुरावा हाच असावा. दुसरी खूण मोजपट्टीने सापडते : लाकूड आडव्या छेदात सर्व बाजूंनी सारखे आक्रसत नाही, वाढीच्या वलयांच्या दिशेने ते अधिक आक्रसते आणि वलयांना काटकोनात कमी; त्यामुळे चरकावर (लेथवर) उतरवलेला गोल पाय दोन-अडीचशे वर्षांत किंचित लंबगोल झालेला असतो. तो तंतोतंत गोल भरला, तर नायकाच्या भुवया उंचावायला हरकत नाही. अठराव्या शतकातील म्हणवल्या जाणाऱ्या खुर्चीच्या तळाशी चक्राकार करवतीच्या कमानदार रेषा दिसणे, ही तर ढोबळ चूक झाली. पालोसारखा माणूस ती करणार नाही.

खलनायकाच्या हेतूसाठी अमेरिकेतील एक उदाहरण पाहावे. तज्ज्ञांच्या तोऱ्याला चिडलेल्या आर्मंड लामाँटेन या शिल्पकाराने 1969 मध्ये सतराव्या शतकातील धाटणीची एक खुर्ची घडवली आणि ती दुसऱ्याच्या हाती सोपवून बाजारात सोडून दिली. फिरत फिरत ती डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयाने 9,000 डॉलरना विकत घेतली. पुढे 1977 मध्ये ही बाब उघड झाली, तेव्हा क्ष-किरण चित्रांत आतील भोके आधुनिक ड्रिलने पाडलेली आढळली. पुरावा म्हणून ती त्याने मुद्दामच तशी ठेवली होती. पैशासाठी फसवणारा माणूस खुणा पुसतो, अहंकारापोटी फसवणारा एखादी खूण मागे ठेवतो. आपला खलनायक यांपैकी कोणता, हे पहिल्या प्रकरणापूर्वीच ठरवलेले बरे.

आणखी एक गोष्ट. व्हर्सायच्या प्रकरणात पोलीस खुर्चीपर्यंत लाकडामार्गे पोहोचलेच नाहीत. महिन्याला सुमारे 2,500 युरो मिळवणारे एक जोडपे लाखो युरोंची मालमत्ता घेत असल्याचे पैशांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या यंत्रणेच्या नजरेत आले आणि त्या पैशाचा धागा कारागिरापर्यंत गेला. नायकाला खुर्ची कळते, पोलिसांना बँकेचे खाते कळते. दोघांची गाठ पडेपर्यंत कादंबरीला वेळ मिळतो.

प्रश्न : असेच कथानक मुंबईच्या चोर बाजारात घडवता येईल का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : येईल, मात्र कायदा वेगळा आहे. आपल्याकडे 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार साधारणपणे 100 वर्षे जुनी वस्तू पुरावस्तू ठरते, तिचा व्यापार करण्यास परवाना लागतो आणि खासगी व्यक्तीला ती परदेशी पाठवता येत नाही. त्यामुळे चोर बाजारातील मटण स्ट्रीटवरील दुकानात ‘अस्सल’ म्हणून दाखवलेले कपाट परदेशी पाठवताना मात्र ‘जुन्या धाटणीचे नवे’ होते, आणि कागदावर खरे तेच लिहिलेले असण्याची शक्यता बरीच असते. धाटणीची नक्कल करणे हा गुन्हा नव्हे. ती अस्सल म्हणून विकणे हा गुन्हा.

याहून ताजा विषय हवा असेल, तर चंदीगडच्या खुर्च्यांचा विचार करावा. वास्तुविशारद पिएर जानरे यांच्या देखरेखीखाली 1950 च्या दशकात तेथील सरकारी कचेऱ्यांसाठी घडवलेल्या सागवानी, वेताच्या बैठकीच्या या खुर्च्या पुढे भंगारात निघाल्या आणि परदेशी लिलावांत त्यांना भरमसाट भाव आला. शंभर वर्षे पूर्ण न झाल्याने 1972 चा कायदा त्यांना लागू पडत नाही. म्हणून 2011 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाला त्यांच्या विक्रीवर बंदीचा स्वतंत्र आदेश काढावा लागला. मूळ खुर्च्या साध्या, सागवान आजही मिळणारे आणि अस्सलपणाची एक खूण म्हणजे पाठीवर रंगाने घातलेला कचेरीचा क्रमांक! आपल्या नायकाने आधी त्या क्रमांकाच्या रंगाकडे पाहावे आणि त्या कचेरीची जुनी सामान-नोंदवही अजून कोणाच्या कपाटात आहे, याची चौकशी करावी.