आई-बाबांची सहल होईल, आधी ती पेन्शन थांबवा

स्टुटगार्टहून एका वाचकाने लिहिले आहे. वय ३५, वाहन उद्योगात इंजिनिअर, वर्षाला ८२ हजार युरो पगार. पत्नी सध्या घरी, मुलगी पाच वर्षांची. जर्मनीत तीन वर्षे झाली. आणखी चार वर्षांनी पुण्याला परतायचे नक्की आहे. मे महिन्यात आई-बाबा आणि सासू-सासरे यांना बोलावून सात जणांनी स्वित्झर्लंड, पॅरिस आणि रोम करायचे, खर्च ११ हजार युरो. प्रश्न असा की त्यासाठी पुण्यातली ९ लाखांची एफडी मोडावी, की जर्मनीत कर्ज काढावे?

पत्राच्या शेवटी, जाता जाता, ते लिहितात: "इथे एक रूरुप पेन्शन प्लॅन घेतला आहे, महिना ५०० युरो. २६ हप्ते झाले. सहलीसाठी सहा महिने हप्ते थांबवले तर चालेल का? परत जाताना त्यातून ५० हजार युरो मिळतील, पुण्याच्या फ्लॅटचे डाउन पेमेंट त्यातूनच करायचे आहे."

सहलीचे नंतर बघू. हे शेवटचे वाक्य वाचून मी तुमच्याकडून पॉलिसीच्या पानांचे फोटो मागवले, आणि भीती खरी निघाली. परत जाताना तुम्हाला त्यातून ५० हजार मिळणार नाहीत. आतापर्यंत भरलेले १३ हजारही मिळणार नाहीत. एक युरोही हातात येणार नाही.

रूरुप, म्हणजे जर्मन कायद्यातली बाझिसरेंट, ही बनवलीच आहे म्हातारपणीच्या मासिक पेन्शनसाठी. २०१२ पासूनच्या करारांत ती वयाच्या ६२ व्या वर्षाआधी सुरू होत नाही. मधे मोडून पैसे काढता येत नाहीत, त्यावर कर्ज मिळत नाही, ती विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. तुम्ही देश सोडलात तरी नियम तोच. तुमच्या करारात पेन्शन सुरू व्हायचे वय ६७ आहे. डाउन पेमेंट चार वर्षांनी आणि पैसे बत्तीस वर्षांनी, असा हा हिशेब आहे.

तुम्हाला विकणाऱ्याने "परत जाताना पैसे मिळतात" असे सांगितले, असे तुम्ही म्हणता. ही गफलत कुठून येते ते मला ठाऊक आहे. पगारातून कापली जाणारी सरकारी पेन्शन वेगळी. पगाराच्या १८.६ टक्के, त्यातले निम्मे तुमचे. त्यातला स्वतःचा वाटा काही अटींवर, युरोप सोडल्यानंतर २४ महिने थांबून परत मागता येतो. आधी परतलेल्या कुणा मित्राला ते पैसे मिळाले असतील आणि गोष्ट फिरत फिरत खासगी प्लॅनला चिकटली असेल. तुमच्या बाबतीत तर सरकारी पेन्शनचेही नीट विचारून घ्या, कारण तुम्ही परताल तेव्हा सात वर्षे झालेली असतील आणि ६० महिने भरले की पेन्शनचाच हक्क तयार होतो, मग वाटा परत मिळेलच असे धरू नका. डॉइच रेंटेनफरझिशरुंगला, म्हणजे सरकारी पेन्शन कार्यालयाला, पत्र लिहून उत्तर लेखी घ्या. भारत आणि जर्मनी यांच्यात मे २०१७ पासून सामाजिक सुरक्षेचा करार लागू आहे, त्याचा उल्लेख पत्रात करा.

आता विकताना दाखवलेले आकडे. "४२ टक्के कर वाचतो" हा मोठ्या हिरव्या अक्षरांतला आकडा तुम्ही मला पाठवला आहे. तो तुमचा आकडा नाही. पत्नीला उत्पन्न नसल्याने तुमचे करपात्र उत्पन्न दोघांत विभागून कर मोजला जातो. वजावटी जाऊन साधारण ६६ हजार उरतात, प्रत्येकी ३३ हजार, आणि त्या पातळीवर शेवटच्या युरोवर कर बसतो तो ३० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे वर्षाला ६ हजार भरून १,८०० वाचतात, अडीच हजार नाही. वर पुढे पेन्शन मिळेल तेव्हा ती जवळजवळ सगळीच करपात्र. कर माफ झालेला नाही, पुढे ढकललेला आहे.

आणि खर्च. तुमच्या करारात तिसऱ्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ आहे, ५,१०० युरो. ती नुसती शोभेची नाही. महिना ५००, ३४ वर्षे, म्हणजे एकूण हप्ते २ लाख ४ हजार. त्याचे अडीच टक्के ५,१००. तुम्ही अजून न भरलेल्या हप्त्यांवरचाही विक्रीखर्च आजच धरलेला आहे आणि तो पहिल्या पाच वर्षांत कापला जातो, म्हणजे दर हप्त्यातून ८५ युरो. २६ हप्त्यांत २,२०० गेले. म्हणूनच १३ हजार भरून वार्षिक पत्रकात १०,७०० दिसतात. "सुरुवातीला कमी दिसते, नंतर वाढते" हे उत्तर ऐकून तुम्ही गप्प बसलात, आणि ते वाचून मला वाईट वाटले. तुम्ही इंजिनिअर आहात. १३ हजारांचे १०,७०० का झाले, हा प्रश्न तुम्ही ऑफिसात कुठल्याही पुरवठादाराला विचारला असता.

५० हजारांचा अंदाज तर पैसे काढता आले असते तरी जमला नसता. पहिल्या हप्त्यापासून परतीपर्यंतच्या सव्वासहा वर्षांत ३७ हजार भरणार, त्यातले ५ हजार खर्चात, उरलेल्या ३२ हजारांचे ५० हजार व्हायला दरसाल पंधरा टक्क्यांच्या वर परतावा लागेल. इतका परतावा गृहीत धरून कोणी घर ठरवू नये.

तेव्हा सहा महिने थांबवायचे आणि पुन्हा सुरू करायचे, हे करू नका. कायमचे थांबवा. कंपनीला लेखी कळवा की करार बायट्राग्सफ्राय करायचा आहे, म्हणजे पुढचे हप्ते बंद. त्यासाठी किमान किती रक्कम जमलेली असावी लागते आणि उरलेल्या विक्रीखर्चाचे काय होणार, हे आधी लेखी विचारा. करार रद्द करण्याची ३० दिवसांची मुदत केव्हाच गेली. तरीही कागद घेऊन तुमच्या राज्याच्या, बाडेन-वुर्टेम्बर्गच्या, फरब्राउखरझेंट्रालेमध्ये, म्हणजे ग्राहक केंद्रात, एकदा बसा. थोडी फी पडेल. विक्रीच्या वेळी दिलेल्या माहितीतच खोट निघाली तर पुढचा रस्ता ते सांगतील. चार वर्षांनी परतणार हे त्या सल्लागाराला माहीत होते असे तुम्ही लिहिले आहे. त्याचे मेसेज असतील तर पुसू नका. सल्ल्याची जी लेखी नोंद जर्मनीत द्यावीच लागते, तीही शोधून काढा. त्यात परतीचा बेत लिहिलेला आहे की नाही, यावर बरेच ठरेल.

आत अडकलेल्या १०,७०० चे काय? ते तिथेच वाढतील. ठीक चालले तर ६७ व्या वर्षी महिन्याला शंभर-सव्वाशे युरो येतील, आजच्या भावाने पन्नास-साठ. तेवढेच धरा आणि विसरा. फ्लॅटच्या हिशेबातून ही ओळ आजच खोडा.

हप्ता थांबला की हातात ५०० नाही, ३५० उरतील, कारण करातली बचतही थांबेल. ४८ महिन्यांचे १६,८०० युरो. एक युरो शंभर रुपये धरला तर सतरा लाख. चार वर्षांत लागणारे पैसे शेअर बाजारात घालू नका. घर रुपयांत घ्यायचे आहे, तर यातला बराचसा भाग एनआरई एफडीत, म्हणजे परदेशातली कमाई भारतात रुपयांत ठेवायच्या अनिवासींच्या ठेवीत, ठेवता येईल. भारतात त्या व्याजावर कर नाही. पण जर्मनीत तुम्ही रहिवासी आहात, त्यामुळे तिथे ते दाखवावे लागते. पती-पत्नी मिळून वर्षाला २ हजार युरोपर्यंतच्या अशा उत्पन्नावर तिथे सूट आहे.

पुण्यातली ९ लाखांची एफडी अजून साध्या बचत खात्याला जोडलेली आहे. नोकरीसाठी देश सोडला तेव्हाच ते खाते एनआरओ, म्हणजे अनिवासींचे भारतातल्या पैशांसाठीचे खाते, करायला हवे होते. फेमा या परकीय चलन कायद्याखाली दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होऊ शकतो, म्हणून सहलीआधी हे काम उरका. एनआरओवर व्याजातून ३० टक्के आणि वर उपकर कापला जाईल, पण जर्मनीतील रहिवासाचे प्रमाणपत्र दिले तर दोन देशांतल्या करविषयक करारानुसार दर १० टक्के लागतो.

आता सहल. कर्ज अजिबात नको. सगळी एफडी मोडायचीही गरज नाही. तिकिटे, व्हिसा आणि विमा हा खर्च भारतात रुपयांतच होणार आहे. तुमच्याच अंदाजाने तिकिटे २ लाख ८० हजार, व्हिसा माणशी ९० युरोप्रमाणे ३६ हजार, विमा धरून साडेतीन लाख. तेवढेच एफडीतून काढा. पैसे जर्मनीला पाठवण्याची कटकटच उरत नाही. राहिले साडेसात हजार युरो. रोम वगळा, म्हणजे साडेपाचवर येईल. जर्मनीत तुमच्याकडे शिल्लक असलेल्या १४ हजार युरोंतून ते देऊन साडेआठ हजार उरतात, म्हणजे घरखर्चाचे तीन महिने. पुण्यात साडेपाच लाख शिल्लक, ते आणखी दोन महिन्यांचे. याहून खाली जाऊ नका. स्टुटगार्टहून पॅरिस थेट रेल्वेने सव्वातीन तासांवर आहे. चौघे तुमच्याच घरी राहणार, त्यामुळे हॉटेलच्या रात्री मोजक्याच.

विम्यात मात्र काटकसर नको. व्हिसासाठी किमान ३० हजार युरोंचे वैद्यकीय संरक्षण लागते आणि स्वस्तातली पॉलिसी तेवढ्यावर भागवते. सासऱ्यांची अँजिओप्लास्टी दोन वर्षांपूर्वी झाली आहे आणि अशा पॉलिसी जुना आजार बहुतेक वेळा वगळतात. तुम्ही फरफ्लिख्टुंग्सएर्क्लेरुंग, म्हणजे हमीपत्र, देणार आहात. त्या २९ युरोंच्या कागदावर सही केली की पाहुण्यांच्या इस्पितळाचा खर्चही तुमच्यावर येतो. म्हणून जुना आजार अचानक बळावला तर खर्च देणारी, मोठ्या रकमेची पॉलिसीच घ्या. चार हजार रुपये जास्त पडले तरी घ्या. अर्जात अँजिओप्लास्टी लपवू नका, नाहीतर दावा तिथेच अडकेल. स्वित्झर्लंडमधल्या युंगफ्राउयोखचे डोंगरावरचे रेल्वे स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे. सासऱ्यांनी तिथे जावे का, हे त्यांच्या हृदयतज्ज्ञांना विचारून मगच ते तिकीट काढा. ते खाली ग्रिंडेलवाल्ड गावात थांबले आणि बाकीचे वर गेले तरी चालेल.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सर्वाधिक रात्री जर्मनीत असल्याने तो जर्मनीकडेच करायचा. हमीपत्राची अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा ती या आठवड्यात मागा. आणि त्याच दिवशी, पुढचा हप्ता कापला जाण्याआधी, विमा कंपनीला हप्ते बंद करण्याचे ते पत्र पाठवा.