दाढ काढायची आहे, स्टेंटनंतरच्या रक्त पातळ व्हायच्या गोळ्या बंद कराव्यात का?

तुम्ही विचारलंय, वडिलांना अटॅक येऊन स्टेंट बसवल्याला पाच महिने झालेत, गेवराईत दाढ काढायची आहे, त्यासाठी ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल पाच दिवस थांबवू का? हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका.

या गोळ्या खरं तर रक्त पातळ करत नाहीत, प्लेटलेट, म्हणजे रक्ताची गुठळी बनवणाऱ्या बारीक पेशी, एकमेकींना चिकटू देत नाहीत. रिपोर्टमध्ये प्लेटलेटचा 2 लाख 40 हजार आकडा आला म्हणून गोळी लागू पडत नाही असं समजू नका. संख्या तेवढीच राहते, चिकटणं कमी होतं. प्लेटलेटचं आयुष्य 7 ते 10 दिवसांचं. ॲस्पिरिनने एकदा निकामी केलेली प्लेटलेट मरेपर्यंत तशीच राहते, पण रोज साधारण दहावा हिस्सा नव्याने तयार होतो. म्हणजे पाच दिवस गोळी बंद ठेवली की निम्म्या प्लेटलेट ताज्या, चिकटायला तयार. स्टेंट म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणारी तारेची जाळी, तिच्या तारांवर रक्तवाहिनीचं अस्तर चढायला काही महिने लागतात. तोवर उघड्या तारेवर गुठळी धरली तर रक्तवाहिनी अचानक बंद होते आणि पुन्हा मोठा अटॅक येतो. अटॅकनंतर दोन्ही गोळ्या सहसा 12 महिने देतात त्या यासाठीच.

दाढेचं रक्त मात्र दाबून थांबवता येतं. सकाळची वेळ घ्या, म्हणजे रक्त वाहिलंच तर दिवस हाताशी असतो. एका वेळी एक-दोनच दात. डॉक्टरांना टाके घालायला सांगा, ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड या रक्त थांबवणाऱ्या औषधात भिजवलेला बोळा अर्धा तास घट्ट चावून धरायचा. त्या दिवशी चूळ भरायची नाही, गरम चहा नाही, आणि तंबाखू तर अजिबात नाही. गावात हे करायला कुणी तयार नसेल तर संभाजीनगरचं शासकीय दंत महाविद्यालय गाठा. दाबूनही रक्त थांबत नसेल, तर लगेच परत जा.

दुखलं तर पॅरासिटॅमॉलच. कॉम्बिफ्लाम नको, त्यातलं आयबुप्रोफेन प्लेटलेटमधली ॲस्पिरिनची जागा आधीच अडवतं, डायक्लोफेनॅकही नको. ॲसिडिटीसाठी ओमेप्राझोल चालू असेल तर डॉक्टरांना सांगून पँटोप्राझोल करून घ्या, कारण ओमेप्राझोलमुळे क्लोपिडोग्रेल लिव्हरमध्ये नीट कार्यक्षम होत नाही. शौचाला डांबरासारखी काळी होऊ लागली तर पोटात रक्तस्राव असू शकतो, त्याच दिवशी दवाखाना गाठा.